‘रन’ म्हणजे नुसते धावणे नव्हे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



इंग्रजीच्या भीतीविषयी मी चार शब्द बोलावे, अशी मला सूचना झाली. भीतीवर भाषण केल्याने भीती जात नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून चार शब्दांऐवजी मी एकाच शब्दावर बोलणार आहे. शब्द अगदी लहान आहे, आर-यू-एन, रन. अर्थ विचारला की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘रन म्हणजे धावणे’. क्रिकेटच्या कृपेने तर हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्यालाही येतो.

आता ही वाक्ये पाहा. ‘ही रन्स ए शॉप.’ ‘माय नोज इज रनिंग.’ ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क.’ ज्याने ‘धावणे’ एवढेच पाठ केले आहे, तो पहिल्याचे भाषांतर ‘तो दुकान धावतो’ असे करतो, दुसऱ्याचे ‘माझे नाक धावत आहे’ आणि तिसऱ्याचे ‘आम्ही दुधाच्या बाहेर धावलो’. वर्गात हशा पिकतो आणि तो मुलगा पुढे वर्षभर हात वर करीत नाही. वास्तविक त्या मुलाने पाठांतर चोख केलेले असते. डावीकडे शब्द, उजवीकडे एक अर्थ, अशी यादी छापणाऱ्या गाइडाने त्याला फसवलेले असते.

या लहानशा शब्दाचा पसारा किती आहे, हे कोशकारांना विचारावे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादन १८७९ साली ज्यांच्याकडे आले, ते जेम्स मरे मूळचे शाळामास्तर. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली, आणि सतराव्या वर्षी ते स्वतःच शाळेत शिकवू लागले. (शाळा सुटलेल्या मुलांच्या पालकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.) कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. मरे १९१५ सालीच वारले होते. १९८९ साली या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे फेरतपासणीत ‘रन’ने त्याला मागे टाकले. २०११ साली जे प्रसिद्ध झाले, त्याप्रमाणे ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले, आणि ती नोंद तयार करण्यास पीटर गिलिव्हर या कोशकाराला सुमारे नऊ महिने लागले.

६४५ हा आकडा ऐकून विद्यार्थ्यांनी घाबरू नये. ते सगळे अर्थ कोणत्याही इंग्रज माणसाला पाठ नसतात. मूळ कल्पना एकच, न थांबता पुढे जात राहणे. माणूस पुढे जातो तेव्हा धावतो, पाणी पुढे जाते तेव्हा वाहते, यंत्र कामात राहते तेव्हा चालते. इंग्रजांच्या देशात गिरण्या, इंजिने आणि आगगाड्या आल्या तसे या शब्दाचे काम वाढत गेले. आजही मोबाईलवर प्रोग्राम ‘रन’ होतो तो त्याच अर्थाने.

गंमत अशी की जिथे इंग्रज धावतो, तिथे मराठी माणूस बहुधा चालतो. त्याचे दुकान रन होते, आपले दुकान चालते. त्याचे नाटक शंभर रात्री रन होते, आपले नाटक शंभर प्रयोग चालते. कारखाना, पंप, शाळा, सगळे आपल्याकडे चालतच असते. रेल्वेच्या बाबतीत मात्र आपणही धावू लागलो. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी ‘धावली’, असेच आपण लिहितो. उलट निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडातला ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपण इंग्लंडचे अनुकरण केले. आपला उमेदवार आधी उभा राहतो आणि मग पडतो.

दुसरी एक अडचण व्याकरणाची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आपल्याकडे ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही दोन रूपे वेगळी आहेत. उर्दूतही ‘चलना’ आणि ‘चलाना’ वेगळे. इंग्रजीत दोन्हींना ‘रन’च. ‘द शॉप रन्स वेल’ म्हणजे दुकान चांगले चालते, आणि ‘शी रन्स द शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. तेव्हा क्रियापदाकडे टक लावून बसू नये, त्याच्या आजूबाजूला पाहावे. आधी कर्ता पाहावा, धावणारा पाय आहे, पाणी आहे की यंत्र? मग कर्म आहे का ते पाहावे. आणि शेवटी क्रियापदाला चिकटलेला लहान शब्द पाहावा, कारण सगळी करामत तोच करतो. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे. ‘रन डाउन’ बॅटरीबाबत असेल तर ती उतरली, माणसाबाबत असेल तर कोणी त्याची निंदा केली. ‘रन इंटू’ म्हणजे झाडावर आदळणे किंवा जुना मित्र अचानक भेटणे. झाड की मित्र, ते वाक्यच सांगते.

हा सगळा परीक्षेच्या गुणांपुरता मामला असता तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. शाळेच्या प्रयोगशाळेत हातावर आम्ल सांडले तर काय करावे, याची इंग्रजी सूचना असते, ‘रिन्स अंडर रनिंग वॉटर’. म्हणजे वाहत्या पाण्याखाली, नळाच्या धारेखाली हात धरावा. भांड्यात साठवलेल्या पाण्यात नुसता बुचकळला तर तितका उपयोग होत नाही. जनरेटरवर लिहिलेले असते, ‘डू नॉट रन विदाउट ऑइल’. याचा अर्थ ‘तेलाशिवाय धावू नका’ असा घेणारा मुलगा इंजिन जाम करून बसेल. आपल्या कित्येक घरांतील मुले आयटीआयमधून आखातात जातात, काही जहाजावर जातात. तिथल्या पाट्यांवर मोठमोठे शब्द थोडेच असतात. असतात ते रन, टर्न, सेट, कट, कीप असे बारके शब्द, आणि तेच आपण ‘सोपे’ म्हणून शिकवायचे सोडून देतो.

पालकांची एक नेहमीची तक्रार असते, ‘सर, आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही घरी काय शिकवणार?’ महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे ही चिंता आता पहिल्या इयत्तेपासूनच सुरू होते. काही पालक तर घरची बोली बंद करून मुलांशी मोडकेतोडके इंग्रजी बोलू लागतात. मला हे मुळीच पसंत नाही. चौथी शिकलेल्या आईला ‘लागणे’ या क्रियापदाचे जेवढे उपयोग येतात, तेवढे मोठ्या पंडिताला यादी करून सांगता येणार नाहीत. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, लळा लागतो, आंबा गोड लागतो, मूल रडायला लागते. एसटीची गाडी स्थानकात लागते, आणि घाटात तीच गाडी कुणाला तरी लागते. ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी आहे त्यांनी ‘खाना’ आठवावे. मार खाना, कसम खाना, धोका खाना, तरस खाना, हवा खाना. यांतले काहीच पोटात जात नाही. हे सारे पोराने शाळेत जाण्यापूर्वीच, यादीशिवाय, ऐकून ऐकून उचललेले असते. ज्या डोक्याने ‘लागणे’ पचवले त्याला ‘रन’ का जड जावे?

म्हणून पालकांनी एवढेच करावे. मुलाने इंग्रजी वाक्य वाचले की ‘याला आपल्या भाषेत काय म्हणशील?’ असे विचारावे. शब्दाचा अर्थ विचारू नये, वाक्य विचारावे. उत्तर बरोबर की चूक हे कळण्यास पालकाला इंग्रजी येण्याची गरज नाही. ‘नाक धावते’ असे पोराने सांगितले तर कोणतीही आई हसेल आणि म्हणेल, ‘अरे, नाक वाहते’. त्या क्षणी तिने इंग्रजीचा धडा दिलेला असतो.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. सुटीत एक वही करा. ‘रन’ हा शब्द पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात, औषधाच्या कागदावर, मोबाईलवर जिथे दिसेल तिथले पूर्ण वाक्य उतरवून घ्या आणि खाली आपल्या बोलीत लिहा. महिन्यात तीस वाक्ये सहज जमतील. शाळा उघडली की वह्या माझ्याकडे द्याव्यात, मी सगळ्या तपासून देईन. ‘रन’ झाला की पुढे ‘गेट’ घेऊ, आणि त्याचा फाटकाशी संबंध नाही हे आताच सांगून ठेवतो.