कॉलेजची पोरे आणि खाजनाचा बांध
(खाडीकाठच्या एका गावात शेतकरी व रापणकारांच्या बैठकीत एका प्राध्यापकाने केलेले भाषण)



कॉलेजची पोरे गावात येतात, देवळापुढचा रस्ता झाडतात, फोटो काढतात आणि निघून जातात. चार दिवसांनी रस्ता होता तसाच. हे तुम्ही पाहिलेले आहे. म्हणून मी उभा राहिलो तेव्हा मागची मंडळी हसली, त्याचा मला राग नाही.

ही राष्ट्रीय सेवा योजना आली कुठून? १९५९ मध्ये आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. सेवा सक्तीची करा, असे तिने सुचवले. तो खर्च सरकारला झेपणारा नव्हता. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार मुलांनिशी ती ऐच्छिक म्हणून सुरू झाली. मुलाने वर्षाला १२० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, असा नियम. कित्येक मुले नुसत्या प्रमाणपत्रासाठी येतात. येऊ द्यात. पाय चिखलात बुडाले की निम्मी तरी टिकतात.

पण टिकायला काम खरे हवे. आणि खरे काम आमच्या कॉलेजात बसून सापडत नाही, ते तुमच्यापाशी आहे.

खाजनाचेच घ्या. बांध चिखलाचा. खेकडा त्याला भोक पाडतो, भरतीचे पाणी त्यातून वाट काढते आणि एका रात्रीत भगदाड पडते. खारे पाणी शेतात शिरले की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत त्या जमिनीत काही उगवत नाही. आता पन्नास पोरांनी चिखल फेकून बांध होतो का? नाही होत. ते कसबी माणसाचे काम आहे, त्याला मजुरी देऊनच करून घ्या. पोरांनी फुकट हात लावून त्याच्या पोटावर पाय आणू नये. पोरांनी करायचे ते वेगळे: दर पुनवेला आणि अवसेला, उधाणाच्या वेळी, दोघा-तिघांनी बांधावरून चालत जायचे. पाणी झिरपते तिथे खुंटी मारायची, वहीत नोंद करायची आणि त्याच दिवशी कूळ संघाला कळवायचे. सात दिवसांचे शिबिर संपले तरी हे काम संपत नाही, आणि त्यातच सगळी गोम आहे.

एकदा हे सुरू झाले की कॉलेजातले बाकीचे विभागही ओढले जातात. रसायनशास्त्राची मुले मातीतले मीठ मोजतील. वनस्पतिशास्त्राची मुले खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताचे बी कोणाकडे उरले आहे ते शोधतील. वाणिज्यची मुले संघाचा जमाखर्च लिहून देतील. भिंतीवर पत्रके चिकटवून सभासद वाढत नाहीत. ज्याला जे येते त्याला तिथे जागा मिळाली की तो आपला मित्रही घेऊन येतो.

मानशीच्या लिलावावरून शेतकरी आणि मासे धरणारा यांचे वाजते, हे मला ठाऊक आहे. दार जास्त वेळ उघडे ठेवले तर मासळी मिळते, पण शेत खारट होते. त्या भांडणात पोरे पडणार नाहीत. दार कधी उघडले, कधी पाडले, एवढेच ती लिहितील आणि ती वही दोघांनाही दाखवतील.

रापणकार दादांनो, तुमच्यासाठी वेळ वेगळी. आमची शिबिरे बहुधा सुट्टीत, आणि नेमकी तेव्हा तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा घराघरात जाळी विणायचे काम चालते. कॉलेजचे नवे वर्षही साधारण तेव्हाच सुरू होते. नव्या पोरांना आधी तिथे तुमच्याजवळ बसवू. ती तुमचे सरकारी अर्ज भरून देतील, तुम्ही त्यांना वारे आणि भरती-ओहोटी शिकवा. तुमचीच मुले कॉलेजात आली आहेत; ती या कामात पुढे असली तर पाहुणेपणा उरणार नाही.

आता कामाचे. पहिली तुकडी येत्या अवसेला येईल. शिधा ती आपला आणील. पाणी, सरपण आणि रात्री निजायला ओसरी तुम्ही द्यायची. बांधावर त्यांच्याबरोबर चालायला वाट माहीत असलेली दोन जाणती माणसे हवीत. अंधारात नवख्या पोरांना मी एकटे सोडणार नाही. कोण येणार, त्यांची नावे उठण्यापूर्वी शाळेच्या मास्तरांकडे द्या.