कालकेय कोण?



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब बाजूलाच राहिला. वीटभट्टीवर कामाला आलेल्या एका कातकरी कुटुंबातली मुलगी शाळेत जायला तयार नव्हती. तिची आई सांगत होती, "पोरं तिला कालकेय म्हणतात. ती बोलायला लागली की तोंडानं टकटक आवाज काढतात." चिडवणारी पोरं आमचीच होती.

एस. एस. राजामौली यांचा 'बाहुबली' आला २०१५ साली. आपण बहुतेकींनी तो टीव्हीवर पाहिलाय. त्यात माहिष्मती राज्यावर चालून येणारी टोळी म्हणजे कालकेय. नाव जुनं, महाभारतातल्या दानवांचं. भाषा मात्र सिनेमासाठी नवी रचली. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी तयार केलेल्या या भाषेचं नाव किलिकी. जीभ टाळूला लावून काढलेले आवाज तिच्यात आहेत. पोरांनी तेच उचलले.

मग आम्ही विचार केला, ही टोळी जुलमी की गांजलेली? गटात दोन तट पडले. एकीचं म्हणणं, "ते लुटायला येतात, राणीबद्दल वाईट बोलतात, पकडलेल्या माणसांना ढालीसारखं पुढं करतात. जुलमीच ते." दुसरी म्हणाली, "मग त्यांना रूप कुणाचं दिलंय? काळा रंग, वाढलेले केस, आपल्याला न कळणारी बोली. गावाबाहेर राहणाऱ्या गरीब माणसाला लोक असंच तर हिणवतात."

आम्हाला दोघींचंही पटलं. काम दाखवलंय जुलम्याचं, रूप दिलंय गांजलेल्याचं. पोरं काम विसरतात आणि रूप लक्षात ठेवतात. शिवाय कालकेयांची बायकापोरं आपल्याला दिसत नाहीत, त्यांची चूल दिसत नाही. नुसता जमाव दिसतो. जमावाची दया कुणाला येत नाही.

त्याच गोष्टीत भल्लालदेव आहे. देखणा, मुकुट घातलेला, आपली भाषा बोलणारा. देवसेनेला पंचवीस वर्षं साखळदंडात ठेवणारा तोच. पण त्याच्यासारखं दिसतं म्हणून शाळेत कुणाला कुणी चिडवत नाही. तो वाईट निघाला तर तो एकटा वाईट. कालकेय वाईट निघाले की अख्खी जात वाईट.

हे सिनेमापुरतंच असतं तर गोष्ट वेगळी. इंग्रज सरकारनं १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण गावात चोरी झाली की लोक अजून आधी त्यांच्याच पालाकडं बघतात.

आणि असुर म्हटलं की वाईटच, असं आपण तरी कुठं मानतो? दिवाळीच्या पाडव्याला आपणच ओवाळताना म्हणतो, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पुराणात बळी असुरांचा राजा. आपल्याला तो दानशूर, शेतकऱ्यांचा राजा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. त्यात बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा राजा आणि वामन हा बाहेरून येऊन त्याचं राज्य घेणारा, अशी मांडणी केली. मेळघाटातले कोरकू लोक रावणाच्या मुलाला, मेघनाथाला पुजतात. म्हणजे गोष्ट कोण सांगतंय, त्यावर राक्षस कोण ते ठरतं.

म्हणून पोरांना सिनेमा बघू द्यायचा नाही, असं आम्ही म्हणत नाही. आम्हालाही तो आवडतो. फक्त शेजारी बसून तीन गोष्टी विचारायच्या असं आम्ही ठरवलंय. यानं वाईट काय केलं? तो वाईट आहे हे तुला त्याच्या वागण्यावरून कळलं, की रंगावरून आणि बोलीवरून? आणि हीच गोष्ट त्याच्या आईनं सांगितली असती, तर कशी सांगितली असती?

चिडवणाऱ्या पोरांच्या आया मुलांना घेऊन भट्टीवर गेल्या. त्या मुलीच्या आईनं चहा केला. पोरं आधी मान खाली घालून बसली, मग तिच्या भावाबरोबर खेळायला गेली. ती मुलगी आता शाळेत येते. रोज नाही, पण येते.

तुमच्या गटातही हे तीन प्रश्न विचारून बघा, आणि काय उत्तरं आली ते आम्हाला कळवा.