आजोबांची राख

दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांना आपल्यासारखी लिपी नव्हती. हिशेब आणि राजांच्या आठवणी ते दोरीच्या गाठींत ठेवत. या दोऱ्यांना ‘किपू’ म्हणत. गाठी वाचणारे जाणकार वेगळे असत. मी कविता करणारा, म्हणून की काय, त्यांच्या गादीच्या लढाईत मला सेनापतींपेक्षा हे जाणकारच जास्त आठवतात.

राजा हुआयना कापाक १५२७च्या सुमारास उत्तरेत, क्विटोच्या बाजूला, साथीत गेला. ती देवीची साथ असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे स्पॅनिश फौजेआधी तिचा रोग पोचला! ठरलेला वारसही दगावला. थोरल्यालाच गादी, असा नियम नव्हता. राजधानी कुस्कोत हुआस्कार राजा झाला. उत्तरेत अताहुआल्पाजवळ बापाची कसलेली फौज राहिली.

मेख आणखी एक होती. राजा मेला तरी वाडे, जमिनी त्याच्याच नावावर राहत. त्याचे शरीर सुकवून जपत, सणाला चौकात आणून बसवत, त्याच्यापुढे खाणेपिणे मांडत. त्याचे कूळ त्या मिळकतीवर जगे. नव्या राजाला सत्ता मिळे. घरदार त्याने नव्याने उभारायचे. चांगली जमीन सगळी मेलेल्यांकडे, अशी हुआस्कारची तक्रार होती म्हणतात. तक्रार रास्तच वाटते. पण तिने त्याचेच सरदार दुखावले.

१५३२ मध्ये अताहुआल्पाच्या सेनापतींनी हुआस्कारला पकडले. कुस्कोत त्याच्या बायकामुलांची कत्तल झाली. मग तुपाक इंका युपांकीचे जपलेले शरीर बाहेर काढून जाळले, कारण त्याच्या कुळाने हुआस्कारची बाजू घेतली होती. हा तुपाक दोघाही भावांचा आजोबा! किपू जाळले, वाचणाऱ्यांना मारले, असे मागे उरलेल्या जाणकारांनी पुढे स्पॅनिशांना सांगितले.

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला काहामार्का गावात पिझारोने अवघ्या १६८ माणसांनिशी अताहुआल्पाला कैद केले. कैदेतूनच त्याने भावाला मारण्याचा हुकूम दिला. सुटकेसाठी खोलीभर सोने देऊनही १५३३ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. आधी जिवंत जाळायचे ठरले होते. त्याने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा गळा आवळून मारले. जाळले असते तर जपायला शरीर उरले नसते.

ही हकीकतही नात्यागोत्यातूनच आपल्याकडे आली आहे. गार्सिलासो दे ला व्हेगाची आई हुआस्कारच्या बाजूच्या घराण्यातली, म्हणून त्याच्या ग्रंथात अताहुआल्पा जुलमी. बेतान्झोसची बायको अताहुआल्पाच्या घरातली. तिथे पारडे उलटे. दोघांना शेजारी ठेवून वाचावे लागते.

तुपाकची राख मात्र कुळातल्या लोकांनी गोळा केली, लपवली आणि तिला नैवेद्य दाखवत राहिले. पुढे पोलो दे ओंदेगार्दो हा स्पॅनिश अधिकारी राजांची जपलेली शरीरे शोधत फिरला, तेव्हा ती राख त्याच्या हाती लागली.