इंडिया गेट : नावे तीच, धनी बदलले
(दिल्लीतील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मोर्चासाठी दिल्लीला आलेला मराठी कार्यकर्ता सवड काढून इंडिया गेट पाहून जातो. स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणाऱ्यांचे हे स्मारक, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने याचे उद्घाटन केले, तेव्हा हे होते ‘अखिल भारतीय युद्धस्मारक’. पहिले महायुद्ध, म्हणजे वसाहतींच्या फेरवाटपाचे साम्राज्यवादी युद्ध, आणि १९१९ चे अफगाण युद्ध यांत ब्रिटिश झेंड्याखाली मेलेल्या सत्तर हजारांवर हिंदी सैनिकांचे स्मारक! भिंतींवर तेरा हजारांवर नावे कोरलेली आहेत.

तो मुहूर्त ध्यानात घ्या. उद्घाटनाला सहा आठवडे पुरे होण्याआधीच, २३ मार्च रोजी, त्याच राजवटीने भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फासावर चढविले. येथून जवळच मेरठला डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी यांच्यावर राजाविरुद्ध कटाचा खटला चालू होता. मेलेल्या हिंदी माणसाला कमान, जिवंत हिंदी माणसाला गजाआडची कोठडी, असा तो न्याय होता.

आणि मेलेले कोण होते? मेसोपोटेमियात कुत येथे जवळजवळ पाच महिने वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. देशावरच्या आणि कोकणातल्या गरीब शेतकऱ्यांची ही पोरे पगारासाठी भरती झालेली. बसऱ्याच्या ब्रिटिश स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनिहाय नुसती संख्या. साम्राज्याचा वर्गभेद मरणानंतरही सुटला नाही.

कमानीमागच्या छत्रीत पुढे पंचम जॉर्जचा पुतळा उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरही तो एकवीस वर्षे तेथेच होता! १९६८ मध्ये तो हलविला आणि छत्री रिकामी झाली. माझ्या मते त्या वास्तूतला सर्वांत प्रामाणिक भाग ती रिकामी छत्रीच होती. २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधींनी कमानीखाली ‘अमर जवान ज्योती’ प्रज्वलित केली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धातील हुतात्म्यांची ही ज्योत; तिने साम्राज्याच्या कमानीला प्रजासत्ताकाचा अर्थ दिला.

२०१९ मध्ये जवळच राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. २१ जानेवारी २०२२ रोजी ती ज्योत तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली. पन्नास वर्षे पुरी व्हायला पाच दिवस होते. कमानीवरची नावे वसाहतकाळाची आहेत, असे समर्थन झाले. ते खरेच आहे. पण ती नावे शेतकऱ्यांच्या मुलांचीही आहेत, हे कोणी बोलले नाही. ८ सप्टेंबर २०२२ रोजी छत्रीत नेताजींचा पुतळा आला आणि राजपथाचा ‘कर्तव्यपथ’ झाला. इंग्रजांचा तो ‘किंग्जवे’. राजा गेला, कर्तव्य आले. आता कर्तव्य कोणाचे, हे सांगणारा कोण?

या परिसराला आणखी एक अर्थ होता, तो जनतेने दिलेला. ऑक्टोबर १९८८ मध्ये लाखो शेतकरी बोट क्लबच्या हिरवळीवर बैलगाड्यांसह ठाण मांडून बसले होते. २०२० मध्ये शेतकरी पुन्हा दिल्लीकडे निघाले, तेव्हा त्यांना सिंघू, टिकरी, गाझीपूरच्या सीमांवरच अडविले. वर्षभराच्या त्या लढ्यात सातशेवर शेतकरी दगावले, असे संयुक्त किसान मोर्चाने सांगितले. २१ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात मोर्चाने त्यांच्या स्मारकासाठी सिंघूला जागा मागितली. बरोबर दोन महिन्यांनी इंडिया गेटखालची ज्योत हलली.