साचा ज्याचा, धंदा त्याचा

(नाशिकच्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



शंभरी ओलांडलेल्या या व्यासपीठावरून आपण साहित्य ऐकता, इतिहास ऐकता, राजकारण तर चवीने ऐकता. त्यामुळे ‘ॲल्युमिनिअमचे डाय कास्टिंग’ हा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण ज्या गावात चौकांना मायको सर्कल आणि एबीबी सर्कल अशी नावे पडली, जिथे कित्येक घरांतली चूल फर्स्ट शिफ्ट-सेकंड शिफ्टच्या वेळेने पेटते, त्या गावाने कारखान्यात वस्तू बनते कशी, याला एक संध्याकाळ द्यायला हरकत नसावी. कारखान्यात पगार किती, बोनस किती, हे आपल्याला पाठ असते. आत काय चालते, हे मात्र तिथे काम करणारा माणूसही घरी सांगत नाही.

मी सोबत एक वस्तू आणली आहे. मोटारसायकलच्या इंजिनाला बाजूने बसते ते हे क्लच कव्हर. गाडीवर ते गुळगुळीत, रंगवलेले दिसते. हे मशीनमधून निघाले तसेच आणले आहे. कडा धारदार आहेत, पुढच्या रांगेतल्यांनी जपून हाताळा. खाली ही जाड चकती आहे तिला कारखान्यात बिस्किट म्हणतात. वितळलेला धातू साच्यात लोटणाऱ्या दट्ट्यापुढे जो उरला, तो हा. बिस्किटातून निघालेला हा पाट म्हणजे रनर. रनर कव्हराला मिळतो तिथे एकदम पातळ होतो, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, तो गेट. समोरच्या कडेला या टिकल्या लागल्या आहेत, ते ओव्हरफ्लो. आणि कडेने हा पापुद्रा सुटला आहे, तो फ्लॅश. ट्रिमिंगच्या प्रेसखाली हे सगळे तुटून पुन्हा भट्टीत जाते आणि ग्राहकाच्या हाती फक्त कव्हर पडते. आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः या तुटून जाणाऱ्या भागाबद्दल आणि तो ठरवतो कोण याबद्दल.

धातू ओतणे नाशिकला नवे नाही. तांबट आळीतले ठोके आपण ऐकत आलो आणि ओताऱ्यांच्या घंटा, समया, मूर्ती आपल्या देवघरात आहेत. माती-वाळूचा साचा एकदाच कामाला येतो. वस्तू काढायची तर तो फोडावा लागतो. डाय म्हणजे पोलादाचा, पुन्हा पुन्हा वापरायचा साचा. घरातला मोदकाचा साचा आठवा: दोन पाळी मिटल्या की आत आकार तयार, उघडल्या की मोदक सुटा. डायची मूळ रचना तीच. एक पाळ मशीनवर पक्की, दुसरी सरकती. माल अडकू नये म्हणून आतल्या भिंतींना किंचित उतार द्यायचा आणि शेवटी इजेक्टर पिनांनी तो ढकलून बाहेर काढायचा.

या साच्यात धातू भरायचे मुख्य मार्ग तीन. पहिला ग्रॅव्हिटी, म्हणजे लॅडलने (मोठ्या पळीने) ओतायचे आणि धातूला आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचे. काम सावकाश होते, पण धातू शांतपणे भरत असल्याने आत हवा कमी राहते आणि पुढे हीट ट्रीटमेंट देऊन ताकद वाढवता येते. पिस्टन, सिलिंडर हेड असे होतात. दुसरा लो प्रेशर: डायखाली बंद भट्टी असते, तिच्यात थोडी दाबाची हवा सोडली की धातू नळीतून खालून वर चढतो. गाड्यांची अलॉय व्हील्स बहुधा या पद्धतीची. तिसरा हाय प्रेशर, ज्याला आपल्याकडे पीडीसी, म्हणजे प्रेशर डाय कास्टिंग म्हणतात. पातळ भिंती, बारीक तपशील, मिनिटाला एखादा नग. हे कव्हर त्यातले आहे आणि बाकीचा वेळ मी त्यालाच देणार आहे.

धातू दाबाने साच्यात भरायची ही कल्पना मोटारीतून आली असे वाटते. ती आली छापखान्यातून. शिशाचा मिश्रधातू धातूच्या साच्यात दाबून छपाईचे खिळे ओतायचे हाताचे मशीन अमेरिकेत स्टर्जेस याने १८४९ साली पेटंट केले. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्याआधीपासून ते देवनागरी खिळे ओतून घेत होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचलेली पोथी साच्यातून निघालेल्या अक्षरांची होती. शिसे चारशे अंशांच्या आत वितळते, पोलादाला इजा करत नाही, म्हणून तिथे हे लवकर जमले. ॲल्युमिनिअमने मात्र बराच काळ दाद दिली नाही.

कारण ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते आणि वितळल्यावर लोखंडाला खाते. जस्ताच्या मशीनमध्ये पंप भट्टीतल्या धातूत कायम बुडालेला असतो. ॲल्युमिनिअममध्ये तसा ठेवला तर पंपच विरघळू लागेल. तोड निघाली ती भट्टी आणि पंपाचे सिलिंडर वेगळे करून. प्रत्येक वेळी एका शॉटपुरता धातू लॅडलने आणून त्या सिलिंडरमध्ये, म्हणजे स्लीव्हमध्ये, ओतायचा आणि लगेच दट्ट्याने डायमध्ये लोटायचा. १९२०च्या दशकात प्रागच्या जोसेफ पोलाक यांनी हे कोल्ड चेंबर मशीन चालवून दाखवले. आज सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये दिसते ते त्याचेच वंशज.

धातूही शुद्ध नसतो. त्यात सिलिकॉन घालतात. ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास गेले की वितळणबिंदू ५७७ अंशांवर येतो आणि धातू बारीक खाचेतही धावतो. आपल्याकडे भरपूर चालणाऱ्या एडीसी-१२ मध्ये साडेनऊ ते बारा टक्के सिलिकॉन आणि थोडे तांबे असते. त्यात थोडे लोखंडही मुद्दाम राहू देतात. त्यामुळे धातूची भूक आधीच भागते आणि तो डायला चिकटत नाही.

आता एक शॉट जवळून पाहू. डाय दोनशे अंशांच्या आसपास तापलेली आहे. माल चिकटू नये म्हणून तिच्यावर फवारा मारला, डाय मिटली, ती मिटून धरणारे टॉगल ताठ झाले. स्लीव्हमध्ये धातू पडला. दट्ट्या आधी सावकाश निघतो, सेकंदाला २०-३० सेंटिमीटर. इथे घाई केली तर स्लीव्हमध्ये लाट उठते आणि लाटेखाली हवा कोंडते. धातू गेटशी पोचला की दट्ट्या झेप घेतो, सेकंदाला २ ते ४ मीटर. दट्ट्याचे तोंड मोठे आणि गेट अरुंद, म्हणून गेटमधून धातू सेकंदाला ४० मीटरच्या आसपास सुटतो. म्हणजे ताशी १४४ किलोमीटर! अख्खे कव्हर साधारण ५० मिलिसेकंदांत भरते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. मग तिसरा टप्पा. धातू गोठताना आकसतो, ती तूट भरून काढायला त्यावर चौरस सेंटिमीटरला ६००-८०० किलोचा दाब धरून ठेवायचा. काही सेकंदांनी डाय उघडते आणि नग बाहेर.

त्या ५० मिलिसेकंदांत डायमधल्या हवेचे काय होते? सगळी कळ इथे आहे. तिला जायला केसाएवढ्या फटी ठेवलेल्या असतात, त्यांना व्हेंट म्हणतात. शेवटी पोचणारा हवामिश्रित, गार झालेला धातू साठवायला त्या टिकल्या, म्हणजे ओव्हरफ्लो. तेवढे पुरले नाही तर व्हॅक्युम पंप लावून हवा आधीच ओढून घेतात. तरीही काही हवा आत राहतेच.

ही दुसरी वस्तू पाहा. असेच कव्हर करवतीने उभे कापले आहे. बाहेरची पातळ साल घट्ट आहे, डायला टेकून ती आधी गोठली. जाड भागाच्या पोटात मात्र टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतील. गोल, आतून चकचकीत भोक म्हणजे कोंडलेली हवा. वेडेवाकडे, खरबरीत भोक म्हणजे गोठताना धातू कमी पडला. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये दोन्हींपुढे ‘ब्लो होल’ एवढेच लिहिले जाते, पण औषधे वेगळी आहेत. हवेसाठी व्हेंट, गेट आणि दट्ट्याचा वेग बदलायचा. आकसण्यासाठी दाब वाढवायचा, जाडी कमी करायची किंवा त्या जागी डाय थंड करायला पाणी फिरवायचे. निदान चुकले तर ऑपरेटर दिवसभर सेटिंग बदलत राहतो आणि भोके तशीच राहतात.

आणखी एक शत्रू म्हणजे ओलावा. वितळलेले ॲल्युमिनिअम पाण्यातला हायड्रोजन शोषून घेते आणि गोठताना तो सोडून देते; त्याचीही भोके होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर रचलेले इंगॉट, म्हणजे धातूच्या लाद्या, तसेच भट्टीत टाकणे माल बिघडवतेच, पण जिवावरही बेतते. धातूखाली गेलेल्या थेंबाची वाफ एका क्षणात फुगते आणि भट्टी उसळते. इंगॉट भट्टीच्या काठावर तापवून मगच आत सोडायचे, हा नियम कुठल्याही मशीनपेक्षा महत्त्वाचा आहे.

साल घट्ट आणि पोट सच्छिद्र, एवढे लक्षात आले की पुढचे धडे आपोआप कळतात. मशीनिंगला जाड थर काढाल तर साल निघून भोके उघडी पडतील आणि हाउसिंग, म्हणजे यंत्राचे कवच, गळेल. हीट ट्रीटमेंटला तापवाल तर कोंडलेली हवा फुगून पृष्ठभागावर फोड येतील. म्हणून या मालाची गुणवत्ता मशीनवर थोडी ठरते आणि ड्रॉइंग बोर्डवर जास्त. जाडी सारखी ठेवली का, गेट कुठे घेतला, हवा कुठून काढली, हे प्रश्न डायचे पोलाद कापण्याआधी सुटलेले असावे लागतात. आज हे भरणे संगणकावर आधी पाहता येते. तरी हे निर्णयच चुकले तर कितीही टनाचे मशीन आणा, उपयोग नाही.

टनाचा हिशेबही सांगतो, कारण तो पोराटोरांनाही जमेल. वस्तू, रनर आणि ओव्हरफ्लो यांची समोरून पडणारी सावली समजा ३०० चौरस सेंटिमीटर. दाब ६०० किलो. गुणाकार १,८०,००० किलो, म्हणजे १८० टन. एवढ्या जोराने धातू डाय उघडू पाहतो. त्यावर सुरक्षेचा वाढावा धरून मशीन २५० टनाचे निवडायचे. कमी पडले तर डाय किंचित उघडते, फ्लॅश येतो आणि कधी वितळलेला धातू बाहेर उडतो. म्हणून शॉटच्या वेळी डायच्या मिटणीच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही.

आता मुद्द्यावर येतो. डाय एच-१३ जातीच्या पोलादाची असते. ती दर शॉटला तापते-निवते आणि साधारण लाखभर शॉटनंतर तिच्यावर भेगांचे जाळे उमटते. ती महाग असते आणि बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीची असते. लहान कास्टिंगवाला ग्राहकाच्या डायवर, ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे शॉट मारतो आणि माल किलोवर विकतो. धातूचा भाव बाजार ठरवतो. त्याच्या हाती उरतो तो किलोमागचा कन्व्हर्जनचा, म्हणजे धातूचा माल करून देण्याचा, दर. उद्या ग्राहकाने डाय उचलून दुसऱ्या गावी नेली तर शेडमध्ये उरते फक्त मशीन आणि त्याचा हप्ता. साचा ज्याचा, धंदा त्याचा.

यातून वाट काढलेली दोन उदाहरणे आपल्या जवळची आहेत. पहिले छत्रपती संभाजीनगरचे. तिथे १९८५ साली अनुरंग जैन यांनी दोन डाय कास्टिंग मशीनवर काम सुरू केले. बजाजचा वाळूज कारखाना त्याच सुमाराचा. जैन यांच्या त्या कामातून एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज उभी राहिली. ती कास्टिंगवर थांबली नाही. शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक, क्लच करू लागली, युरोपात कारखाने घेतले. कव्हर ओतणारा क्लच करू लागला, म्हणजे तो किलोच्या भावातून सुटला.

दुसरे आपल्याच सातपूरचे. १९८२ साली स्थापन झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स विजेचे पॅनेल मीटर आणि मोजमापाची उपकरणे करते. २०११ साली तिने पोलंडमधल्या झिएलोना गुरा इथली ल्युमेल ही १९५३ सालची कंपनी घेतली. ल्युमेलकडे मीटरबरोबर ॲल्युमिनिअमच्या हाय प्रेशर कास्टिंगचे कामही होते. २०२३ साली ऋषभ शेअर बाजारात आली तेव्हा तिच्या व्यवसायात हे कास्टिंग ठळकपणे मांडलेले होते: गाड्यांचे कॉम्प्रेसर आणि फ्लो मीटर यांची हाउसिंग. दोन्हींत गळती चालत नाही आणि माप काटेकोर लागते. मघाच्या त्या भोकाशी ज्याने झुंज दिली त्यालाच असे काम मिळते आणि दरही त्यालाच मिळतो.

पुढचा काळ सोपा नाही. महिंद्र आणि बॉश यांच्याभोवती वाढलेल्या नाशिकने डिझेलवर बरीच वर्षे काढली. विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही. पण तिला मोटारचे हाउसिंग, कंट्रोलरचे खोके, बॅटरीचे कवच लागते आणि वजन कमी करायचे म्हणून ते ॲल्युमिनिअमचे लागते. टेस्लाने २०२० साली तर गाडीचा अख्खा मागचा सांगाडा ६,००० टनांच्या मशीनवर ओतायला घेतला. ते आपल्या आवाक्यातले काम नव्हे, आणि अपघातात असा सांगाडा दुरुस्त कसा करायचा हा प्रश्न आहेच. हाउसिंग मात्र आपल्या आवाक्यात आहे. शिवाय एडीसी-१२ बहुतांशी भंगारातून होते आणि भंगार वितळवायला नवे ॲल्युमिनिअम करण्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा पुरते. हा हिशेब आपल्या बाजूचा आहे.

म्हणून शेवटी दोन विनंत्या. इथल्या कारखानदारांना: एका मशीनचे कर्ज काढण्याआधी डाय बनवायला एक टूल रूम, एक डाय डिझायनर आणि भोके तपासायला एक एक्स-रे यंत्र यांची सोय करा. एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून करा. आणि पालकांना: मुलगा किंवा मुलगी डाय मेकिंगचा डिप्लोमा करायचा म्हणाली तर ‘इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही का?’ असे विचारू नका. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा रस्ता नाशिकहून फार लांब नाही. मशीन पैसे देऊन येते. डाय करणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तो तयार करणे आपल्याच हाती आहे.