कोपऱ्यातली सही

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहणारी एक कमर्शियल आर्टिस्ट. माझा व्यवसाय सांगितला की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की करता काय?" आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात, "भागतं का हो त्यात?" आज दोन्हींची उत्तरं देते.

पहिल्याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मसाल्याच्या पाकिटावरची कोथिंबीर, मुलांच्या सीरिअलच्या खोक्यावरचा प्राणी, औषधाच्या बाटलीवर "झाकण दाबून फिरवा" असं सांगणारा छोटा बाण, हे सगळं कुणीतरी बसून काढलेलं असतं. मी ते काम करते. मध्यंतरी अकरा दिवस मी फक्त आंब्याच्या फोडी काढत होते. क्लायंटला त्या "अजून थोड्या आनंदी" हव्या होत्या. आता आंब्याची फोड आनंदी कशी करायची, हे कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये शिकवत नाहीत. शेवटी कडेला पिवळा उजेड वाढवला, रसाचा एक थेंब ओघळताना दाखवला आणि फोड पसंत पडली.

पण खरी परीक्षा आपल्याच माणसांची. गुरुवारी रात्री फोन येतो, "ताई, शनिवारच्या कार्यक्रमाचं पोस्टर हवंय. दोन मिनिटांचं काम आहे." त्या दोन मिनिटांत काय काय असतं ते ऐका. लोगो व्हॉट्सॲपवरून येतो. मोबाइलवर तो छान दिसतो, पण सोळाशे पिक्सेल रुंदीचं चित्र नीट छापायचं तर जेमतेम पाच इंच पुरतं. बॅनर असतो सहा फुटांचा! मग तो लोगो मी पुन्हा काढते. नंतर येतं देवनागरी. इनडिझाइनमध्ये योग्य कंपोझर निवडला नाही तर "दिवाळी"ची पहिली वेलांटी "द"ला सोडून शेजारच्या "वा"च्या गळ्यात पडते. इथल्या छापखान्यातल्या माणसाला मराठी येत नाही, त्यामुळे चूक त्याला दिसत नाही. ती दिसते थेट हॉलमध्ये, चारशे लोकांना. आणि शेवटी केशरी रंग. पडद्यावर तो झळाळतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो. छापखान्यात तोच रंग चार शाया मिसळून करावा लागतो आणि बघता बघता विटकरी होतो. तो पुन्हा केशरी करण्यात एक तास जातो.

हे सगळं मी आनंदाने करते, कारण या वेडाची सुरुवात लहानपणीच झाली. दादरच्या आमच्या चाळीत इंद्रजाल कॉमिक्सचा एक अंक निदान दहा घरं फिरायचा. वेताळ, मॅन्ड्रेक, नंतर बहादूर. बाकीची मुलं पुढे काय होणार म्हणून वाचायची. मी बघत बसायची की वेताळाच्या गुहेतला काळोख नुसत्या काळ्या रेघांनी कसा काय तयार झाला. दिवाळीत घरी अंक यायचे. आजोबांनी जपलेल्या जुन्या अंकांत दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं होती. शेजारच्या काकूंच्या देवघरात मुळगावकरांचे देव होते, कॅलेंडरातून कापून फ्रेम केलेले. दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांनीही छपाईसाठीच आयुष्यभर चित्रं काढली. दलालांनी तर १९४५ साली "दीपावली" हा स्वतःचा अंक काढला. लोक मुखपृष्ठ बघून म्हणत, "दलालांचं दिसतंय!" चित्र विकण्यासाठीच काढलेलं होतं, तरी ते काढणाऱ्याचं नाव घराघरात माहीत होतं. मला या धंद्यात यावंसं वाटलं ते त्या कोपऱ्यातल्या सहीमुळे.

इथे आल्यावर तशीच एक सही भेटली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर सँटा रोझा गाव आहे. तिथे चार्ल्स शुल्झचं संग्रहालय आहे. स्नूपी आणि चार्ली ब्राऊनचे जनक ते हेच. १९५० ते २००० या काळात त्यांनी १७,८९७ स्ट्रिप्स काढल्या, आणि त्यातली अक्षरंसुद्धा मदतनीस न घेता स्वतः लिहिली. शेवटची रविवारची स्ट्रिप छापून आली, त्याच्या आदल्या रात्री ते गेले. मुलांना तिथे जरूर न्या. मूळ कागदावर शाईचा फराटा कुठे जाड झाला, कुठे हात थरथरला, हे जवळून दिसतं.

पण सगळ्यांच्याच नशिबी असं नाव नसतं. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडमध्ये भेटलेली दोन मुलं. दोघांचीही घरं ज्यू स्थलांतरितांची, आपल्यासारखीच दुसऱ्या देशातून येऊन बसलेली. १९३८ साली, तेविसाव्या वर्षी, त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरना विकून टाकले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि चित्रकथेवरून त्यांची नावंही गेली. १९७५ साली, साठी उलटल्यावर, त्यांना पेन्शन आणि आपलं नाव परत मिळालं. ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते, तो चेक २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना गेला. ते तेव्हा हयात नव्हते.

म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हो, भागतं. पण चित्राइतकाच कागदही सांभाळावा लागतो. अमेरिकेत चित्र कागदावर उतरलं की कॉपीराइट आपोआप काढणाऱ्याचा होतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेलं मात्र कंपनीचं. स्वतंत्र काम करताना माझे नियम साधे आहेत. लेखी करार. अर्धे पैसे आधी. किती वेळा बदल करणार ते ठरलेलं. आणि चित्र कुठे, किती काळ वापरणार ते लिहिलेलं. आपल्या घरात मुलांना बँकेचं खातं आणि कर समजावतात, तसंच चित्रं काढणाऱ्या मुलाला हे समजावून सांगा.

आपल्या घरांत असं एखादं मूल असतंच. गणिताच्या वहीच्या समासात पिकाचू आणि स्पायडरमॅन काढणारं. त्याला "हे पुरे, आता अभ्यास" एवढंच ऐकू येतं. अभ्यास व्हायलाच हवा, मीही आई आहे. पण एकदा त्याच्याजवळ बसून विचारा, "हा हात असा का वळवलास?" ते मूल पंधरा मिनिटं बोलेल. गेम्स, ॲनिमेशन, पुस्तकं, पॅकेजिंग, डॉक्टरांसाठी शरीराची चित्रं काढणं, यातलं कितीतरी काम आपण राहतो त्याच गावांत चालतं. पिक्सार इथे एमरीव्हिलमध्येच आहे. जे मूल चित्रकार होणार नाही, तेही निदान बघायला शिकेल.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. यंदा पोस्टर कुणीही करो, पैसे देता आले तर द्या. नाही जमलं तर खालच्या कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव छापा. तबलजीचं छापता, स्वयंपाक करणाऱ्यांचं छापता, तसंच हेही. एक ओळ लागते, जागा मी काढून देईन. फक्त फोन गुरुवारी रात्री करू नका.