आजची चूक, उद्याचे कौशल्य

(एका व्यायामशाळेच्या वर्धापनदिनी पालक व प्रशिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कलाशाखेचा पदवीधर. लेखणी चालविणे हा माझा व्यवसाय. शरीरशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. परंतु या विषयातील अज्ञानाची किंमत माझ्या घरात मोजली गेली आहे, म्हणून हे निमंत्रण स्वीकारले.

माझी मुलगी आठवीत असताना खो-खो खेळत असे. प्रारंभी गुरुजी एका दिवशी एकच गोष्ट घटवून घेत. आज केवळ साखळी, उद्या केवळ हुलकावणी. तिच्या खेळात सफाई दिसे, आम्ही सुखावत असू. पुढे गुरुजींनी पद्धत बदलली. साखळी, गोल, हुलकावणी सारे मिसळून. केव्हा काय करावे लागेल, हे आधी ठाऊक नसे. मुलगी वारंवार बाद होऊ लागली. मी तावातावाने गुरुजींकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, एक महिना थांबा.’’ मी थांबलो नाही. नववीच्या अभ्यासाचे निमित्त पुढे करून तिचे मैदान बंद केले. चूक कोणाची होती, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले.

प्रथम शरीराचा विचार करू. व्यायामाने बळ येते, हे अर्धेच सत्य आहे. व्यायाम शरीराला ताण देतो; त्या ताणाला उत्तर म्हणून शरीर स्वतःला घडविते ते विश्रांतीत, आहारातून आणि झोपेत. म्हणून भार क्रमाक्रमाने वाढवायचा असतो. आज वीस जोर काढणाऱ्याने उद्या शंभर काढणे हा पराक्रम नव्हे, दुखापतीला आमंत्रण आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः स्नायूंच्या आकारातून येत नाही. मेंदू आणि मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागतात. दंड भरलेला दिसत नाही, तरी आत काम सुरू झालेले असते.

कौशल्याचेही तसेच आहे. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीवर खेळाडू प्रत्येक हालचाल विचार करून करतो. दुसरीवर चुका दुरुस्त करीत जातो. तिसरीवर हालचाल अंगवळणी पडते आणि मन डावपेचांसाठी मोकळे होते. मधल्या पायरीवर चुका होणारच.

1979 साली शी आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी दोन गटांना हाताच्या हालचालींचे तीन प्रकार शिकविले. एका गटाने एक प्रकार पुरा करून मग दुसरा घेतला. दुसऱ्याने तिन्ही मिसळून सराव केला. सरावाच्या वेळी मिश्र गट मागे होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा तोच पुढे निघाला! पुढे 1994 साली महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंवर असाच प्रयोग झाला. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 45 जादा चेंडू. तीन प्रकारचे चेंडू मिसळून खेळलेल्यांची प्रगती, एकेक प्रकार सलग खेळलेल्यांपेक्षा अधिक ठरली.

याचे कारण सोपे आहे. एकच गोष्ट सलग करताना मघाचे उत्तर हातात तयार असते. मिश्र सरावात प्रत्येक वेळी ओळखावे लागते, निवडावे लागते, आठवावे लागते. सामन्यातही तेच करायचे असते. पाठलाग करणारा आक्रमक आपला बेत सांगून थोडाच धावतो? अर्थात अगदी नवख्याला आधी एकेक गोष्ट घटवून द्यावीच लागते. परंतु तेथेच थांबल्यास सरावात शेर आणि सामन्यात ढेर, अशी गत होते.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की, मुलांना चुकण्याची मुभा द्या आणि पालकांना त्यामागील कारण समजावून सांगा. पालकांनो, एका संध्याकाळच्या खेळावरून निकाल देऊ नका. आणि परीक्षेच्या नावाखाली मैदान तोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वयोगटासाठी दररोज सरासरी किमान 60 मिनिटांच्या मध्यम ते दमदार हालचालीची शिफारस केली आहे. दहावीच्या विद्यार्थ्याला त्यातून सूट दिलेली नाही.

19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला नमविले. महिलांनी 78-40 असे. तो सामना मी आणि माझी मुलगी दूरचित्रवाणीवर एकत्र पाहत होतो. सामना संपला. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच आज बोललो. एक महिना थांबा.